वडिलांचं कीर्तन, आईची कुपी

आमच्या अमरावतीच्या मिशन कंपाउंडात प्रभूसाठी सर्वस्व सोडायला सगळेच तयार असत. सर्वस्वात काय काय मोडतं, एवढ्यावरच एकमत होत नसे. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, दिवस लागले की रविवारच्या उपासनेत साक्षी सुरू व्हायच्या, एकेकाने उभं राहून आपण काय सोडलं ते सांगायचं. शाळेचे हेडमास्तर राग सोडायचे आणि ईस्टर उलटल्यावर पोरांच्या पाठीवर सगळा साठलेला राग काढायचे. दवाखान्यातले एक गृहस्थ तंबाखू सोडायचे. मी शाळेत जायला लागल्यापासून माझं लग्न होईपर्यंत त्यांनी ती दरसाल सोडली. बायका चहा सोडून कॉफी प्यायच्या, कारण साक्षीत कॉफीचं नाव घेतलेलं नसायचं. साक्ष संपली की मंडळी आमेन म्हणायची, सगळ्यांना हलकं वाटायचं आणि लोक जेवायला घरी जायचे.

माझे बाबा मिशनचे प्रचारक होते आणि कीर्तन करायचे. पांढरं धोतर, फेटा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या, मागे पेटी आणि तबला. थाट सगळा देवळातल्या हरदासाचा, आख्यान मात्र शुभवर्तमानातलं. आधीच्या गोऱ्या साहेबांना हे फारसं रुचलं नव्हतं म्हणे. पण नुसतं प्रवचन लावलं तर दर्यापूर-तिवशाकडच्या माणसांना बैलांना पाणी पाजायचं आठवे आणि ती उठून जात. कीर्तनाला मात्र बूड हलवत नसत. साहेबांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि चिपळ्यांचा गुन्हा पोटात घातला. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर, ज्या वस्त्यांत बाबांची नेहमीची ऊठबस होती तिथल्या लोकांनी त्यांना चहा पाजून सांगितलं, की आमचं आता ठरलं आहे, तुम्ही उगीच पायपीट करू नका. कीर्तन असलं की तीच माणसं पुढे येऊन बसायची. बाबांचा गळा गोड होता, आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती.

घरात हाच माणूस बाजारातून कोणती भाजी आणायची हे ठरवू शकत नसे. आईने पिशवी हातात दिली की ते चौकापर्यंत जाऊन विचारायला परत यायचे. फेटा बांधला की मात्र त्यांना जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं सापडायची. त्यांचं गाजलेलं आख्यान म्हणजे बेथानीच्या बाईचं. प्रभूचं मरण जवळ आलेलं असतं. बेथानी गावात त्याला जेवायला बोलावलेलं असतं. तिथे एक बाई आपल्याजवळची जटामांसीच्या उंची तेलाची कुपी फोडते, सगळं तेल त्याच्या पायांवर ओतते आणि आपल्या केसांनी पाय पुसते. बसलेली माणसं कुरकुरतात, की केवढी ही नासाडी. प्रभू म्हणतो, तिला त्रास देऊ नका. बाबा ते असं रंगवायचे की लोकांना ते घर दिसायचं. 'प्रीतीची किंमत' हे दोन शब्द ते इतके घोळवून म्हणायचे की ऐकणाऱ्याला आपणही काहीतरी दिलं असं वाटायला लागायचं.

कुपी फोडायची वेळ आली की ते दगडावर आपटून खरोखरच बाटली फोडत. बाटली मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर द्यायचा, औषधाची, रिकामी. ती कितीही धुतली तरी तिचा वास जात नसे. फुटली की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या नाकाला पदर लावायच्या. जिथे जटामांसी दरवळायला हवी तिथे खोकल्याचं औषध दरवळायचं. बाबांना हे फार लागे. घरी आल्यावर ते बराच वेळ त्यावरच बोलत, आणि आई त्यांना जेवून घ्या म्हणे.

आईला साक्ष द्यायला मात्र कोणी कधी उभं केलं नाही. ती दर्यापूरकडच्या शेतकरी घरातली. काळीची जमीन, दारात बैलजोड्या, घरात पाच-पंचवीस माणसांचा राबता. लग्नाआधी तिला विषमज्वर झाला, गावचे उपाय थकले, तेव्हा तिच्या वडिलांनी तिला बैलगाडीत घालून मिशनच्या दवाखान्यात आणलं. ती बरेच महिने तिथे होती. बाबा तेव्हा वॉर्डावॉर्डांतून पेटी घेऊन गात हिंडायचे. आई बरी झाली आणि बाप्तिस्मा घेते म्हणाली. ती आधी प्रभूला भुलली की पेटीवाल्याला, हे आम्ही बहिणींनी तिला किती वेळा विचारलं असेल. ती म्हणायची, भाजी निवडा. माहेरच्यांनी तिच्या नावाने आंघोळ केली. सणावारी कंपाउंडातल्या बायका आपापल्या माहेरी जायच्या तेव्हा आई घरातली भांडी घासायला काढायची, घासलेलीसुद्धा. एवढं सोडलेली बाई साक्षीला उभी राहिली असती तर तंबाखूवाल्यांची पंचाईत झाली असती, म्हणूनही तिला कोणी उठवलं नसेल.

माझा धाकटा भाऊ जन्मला त्या वर्षी आजोबा आले. ते दरवर्षी कापसाची गाडी घेऊन अमरावतीच्या बाजारात यायचेच, पण आमच्याकडे कधी फिरकले नव्हते. त्या दिवशी कंपाउंडच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभे राहिले. डोक्याला मुंडासं, कानात अत्तराचा फाया. आई बाळाला घेऊन धावत गेली आणि मी तिच्या मागे. ते आत आले नाहीत. पाणी घेतलं नाही. बाळाला हात लावला नाही, पण त्याच्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. मग कोपरीच्या खिशातून एक कुपी काढली, बोटाएवढी, हिन्याच्या अत्तराची, आणि आईसमोर धरली.

"घे," ते म्हणाले. "तुह्या घराले दवाखान्याचा वास येते."

एवढं बोलून ते गाडीकडे गेले. त्यांनी आमच्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं, तेव्हा घराचा वास त्यांना कुठून आला असेल ते कळायला मला पुष्कळ वर्षं लागली. तो त्यांना आईच्या लुगड्याला आला असणार.

पुढे ते गेले. आईला निरोप आला तो तेरवी उरकल्यावर, तोही बाजारात भाजी विकायला येणाऱ्या तिच्या गावच्या एका बाईकडून, मेथीची जुडी बांधता बांधता. आई घरी आली, ट्रंक उघडली, कुपीचं बूच काढून वास घेतला आणि बूच लावून टाकलं. त्यानंतर एखाद्या दुपारी ती हे करायची. आजोबा जवळ आले की हाच वास यायचा, असं तिने एकदा सांगितलं. कानात तोच फाया. ती ते अत्तर कधी लावत नसे. मी एकदा म्हटलं, थोडं लाव की. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. लावलं की संपतं, एवढं साधं गणित होतं, आणि बाप दुसऱ्यांदा आणता येत नव्हता.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याला गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा मेळा होता. मिशनच्या मैदानावर मांडव, खाली सतरंज्या, एकीकडे पुरुष, एकीकडे बायका, आणि पुढे खुर्च्यांवर साहेबलोक. परदेशातून कोणी मोठे पाहुणे येणार होते. त्यात कीर्तनाला नगरकडचे एक कीर्तनकारही बोलावले होते. त्यांची मराठी घासूनपुसून लखलखीत केलेली होती. त्यांनी पहिल्या दिवशी उधळ्या पुत्राचं आख्यान लावलं, तेव्हा आमचे वऱ्हाडी लोक आ वासून बघत राहिले. त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही, म्हणून ते जास्तच आवडलं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर बाबा उभे राहिले. असं कीर्तन मी त्यांचं कधी ऐकलं नव्हतं. त्या बाईची चाल, तिचा धरलेला श्वास, कुरकुरणाऱ्या माणसांचे वाकडे चेहरे, सगळं त्यांनी उभं केलं. मध्ये एक रिकामी खुर्ची ठेवली होती. तिथे प्रभू बसला आहे, असं समजायचं होतं. 'प्रीतीची किंमत' म्हणून ते खुर्चीसमोर गुडघ्यावर बसले, उपरण्यातून काहीतरी काढलं आणि दगडावर आपटलं.

आईला आधी वास आला. मी तिच्या मांडीला लागून बसले होते, तिचं अंग ताठ झालेलं मला कळलं. उन्हाने तापलेल्या मांडवात तो हिना असा पसरला की मागच्या बायकांपर्यंत पोचला. बायकांनी डोळे मिटले, कोणी हुंदके द्यायला लागल्या, नगरचे कीर्तनकार खुर्चीवरून अर्धे उठले. पाहुण्यांच्या मडमेने रुमाल काढला. बाबांनी घरून निघतानाच आईच्या ट्रंकेतून कुपी काढून फेट्याच्या डब्यात ठेवली होती, हे नंतर कळलं.

कीर्तन संपलं, लोक बाबांच्या भोवती गोळा झाले. आई उठली, पुढे गेली आणि त्या रिकाम्या खुर्चीसमोर खाली बसली. अत्तर सतरंजीत जिरत होतं. तिने पदराचं टोक घेतलं आणि जेवढं टिपता येईल तेवढं टिपायला लागली. खुर्चीच्या पायाला लागलेलं, दगडावरचं, सतरंजीच्या धाग्यांतलं. काचेचा तुकडा तिच्या बोटाला लागला तरी ती टिपत होती. मी तिचा खांदा धरला होता, पण तिला मी तिथे असल्याचं कळलं नसावं.

मडमेने ते पाहिलं. तिने आमच्या साहेबांच्या दंडाला हात लावला आणि दाखवलं. साहेबांनी दुसऱ्यांना दाखवलं. हळूहळू सगळा मांडव गप्प झाला. त्यांना वाटलं, या भगिनीला पवित्र आत्म्याने स्पर्श केला आहे, ती बेथानीच्या बाईसारखी प्रभूचे पाय पुसते आहे. कोणीतरी गुडघे टेकले, मग बऱ्याच जणांनी टेकले, आणि पेटीवाल्याला न सांगता कळलं की इथे संथ चालीचं गीत लागतं. एवढी माणसं प्रार्थनेत बुडाली आणि मधोमध माझी आई आपल्या बापाला सतरंजीतून पुसून काढत होती. तिला उठवायला एकही जण आला नाही. पवित्र प्रसंगात हात घालायचा नसतो, हे आम्हा लोकांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. दुसऱ्या सकाळच्या प्रवचनात साहेबांनी तिचं उदाहरण दिलं. मडम तिला भेटायला आली, तिचे दोन्ही हात हातात घेऊन इंग्रजीत काहीतरी म्हणाली. आईने हात काढून घेतले. मला त्या माणसांचा तेव्हा राग आला होता. अजून येतो, आणि तो सोडण्याची माझी कोणत्याही लेंटमध्ये तयारी नाही.

परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. अकोल्यापासून आई पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. फलाटावरच्या बाकावर बाबा तिच्या शेजारी बसले आणि मेळ्यात कोण काय म्हणालं ते सांगायला लागले. आई त्यांच्याकडे वळली.

"त्या बाईनं आपली कुपी फोडली," ती म्हणाली. "तुमी माही फोडली."

बाबांचा चेहरा उतरला. पण कीर्तनकाराची जीभ ती, लगेच कामाला लागली. ते म्हणाले, कुपी काही वाया गेली नाही, प्रभूच्या कामी आली, एवढ्या लोकांना आशीर्वाद मिळाला, आणि त्या आशीर्वादात तिचाही वाटा आहेच.

"आशीर्वाद तुमीच ठेवा," आई म्हणाली. "मले माहा बाप द्या."

आमची गाडी येईपर्यंत बाबा उठून फलाटाच्या टोकाशी जाऊन उभे राहिले. घरी आल्यावर आईने ते लुगडं धुतलं नाही. घडी करून ट्रंकेत ठेवलं. वास काही दिवस राहिला आणि गेला.

बाबा वाईट नव्हते. त्यांना लागलं होतं, आणि लागलेल्या गोष्टीचं काय करायचं याचा त्यांना एकच मार्ग ठाऊक होता. पावसाळा उलटल्यावर दर्यापूरला त्यांचं कीर्तन ठरलं. आईच्या माहेरचा तालुका, म्हणून त्यांनी तिला मुद्दाम सोबत घेतलं, तिच्याबरोबर मलाही. आख्यान बेथानीचंच लावलं आणि कुपीपाशी येऊन थांबले. म्हणाले, मंडळी, मी तुमच्यासमोर पापी म्हणून उभा आहे. मग सगळं सांगितलं. बायकोचा बाप, निंबाखालची भेट, ट्रंक, चोरून काढलेली कुपी. आवाज फुटला त्यांचा, खराच फुटला. आणि लोक असे रडले की अकोल्याला रडले नव्हते. दर्यापूरचे पास्टर गळ्यात पडून म्हणाले, की आजच्याइतकं कीर्तन कधी रंगलं नाही, हा भाग आता कायम ठेवा. एक बाई आईला म्हणाली, असा कबूल करणारा नवरा नशिबाने मिळतो. ती कोणाशी बोलते आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि आईने सांगितलंही नाही.

परत येताना एसटीत बाबांच्या चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. त्यांनी आईला विचारलं, आता तरी झालं ना.

"लोकं रडले," आई खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "तुमचं काय गेलं?"

मी मागच्या बाकावर होते. बाबांची मान मला दिसत होती. ते काहीतरी बोलायला गेले आणि बोलले नाहीत. असं मी त्यांच्या बाबतीत त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बाबांनी ते आख्यान सोडलं. साक्षीत सांगितलं नाही, प्रार्थनेत मागितलं नाही, नुसतं सोडलं. गावोगावची मंडळी बेथानीच मागायची. बाबा योनाचं आख्यान काढायचे, जक्कयाचं काढायचे. लोक ऐकायचे, पण त्यांच्या तोंडावर दिसायचं की हे ते नव्हे. पुढच्या उन्हाळ्यात अकोल्याच्या मेळ्याचं बोलावणं आलं, अट एकच, आख्यान तेच हवं, कुपी आणि कबुलीसकट. बाबा म्हणाले, ते मला आता येत नाही. साहेबांना हा गर्व वाटला. एवढं आत्म्याने भरलेलं आख्यान माणूस आपल्या मर्जीने कसा बंद करतो, असं त्यांनी समजावून पाहिलं. बाबांनी कारण सांगितलं असतं तर त्याचंही त्यांनी उदाहरण केलं असतं, म्हणून बाबांनी कारण सांगितलं नाही. हळूहळू बोलावणी थांबली. ज्या माणसाच्या पायांची धूळ तालुक्यातालुक्यांत उडायची त्याला बोर्डिंगच्या पोरांची सकाळची प्रार्थना घ्यायला बसवलं. पोरं जांभया द्यायची. बाबा बाजारात जायला लागले आणि भाजी न विचारता आणायला लागले, बहुतेक वेळा चुकीची. मला त्यांची दया येत असे, आणि दया येते म्हणून चीडही येत असे.

त्या मेळ्यात ते आख्यान नगरच्या कीर्तनकारांना दिलं. बाबा जाणार नाहीत असंच आम्हाला वाटलं होतं. पण आईने स्वतःच डबा बांधला आणि म्हणाली, चला. बाबा पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटी बसले. त्यांना ओळखणारे पुष्कळ होते, पण त्या दिवशी कोणाला त्यांची आठवण झाली नाही. नगरच्या कीर्तनकारांची भाषा शुद्ध होती, आणि बेथानीची बाई त्यांच्या तोंडी अगदी हेडमास्तरीण वाटत होती. त्यांनी झोळीतून गुलाबपाण्याची बाटली काढली. आपण ती खास नागपुराहून विकत आणली आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. बाटली पहिल्या फटक्याला फुटली नाही, दुसऱ्यालाही नाही. फुटली तेव्हा निम्मं गुलाबपाणी तबल्यावर गेलं. मी मागे वळून पाहिलं. बाबांचे ओठ हलत होते. सगळं आख्यान ते मनातल्या मनात म्हणत होते, योग्य जागी थांबत होते, योग्य जागी डोळे मिटत होते.

संपल्यावर आम्ही मांडवाबाहेर आलो. बाबा चपला शोधत होते. आई त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"तुमच्यासारखं नाई जमलं त्याले," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले. गावोगावच्या माणसांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं, पण आईच्या तोंडून असं वाक्य त्यांनी लग्नापासून ऐकलं नसावं. ते चपला हातात धरून तसेच उभे राहिले, ती आणखी काही बोलेल म्हणून. आईने पदर सारखा केला आणि त्यांच्या हातातल्या चपला घेऊन त्यांच्या पायांजवळ ठेवल्या.

"बाटली मातर त्याची सोताची होती," ती म्हणाली.